हायडॅटिडची गाठ आणि सुई: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. हायडॅटिड म्हणजे कुत्र्याच्या आतड्यातल्या चपट्या कृमीची अंडी पोटात गेल्याने यकृतात किंवा फुप्फुसात धरणारी पाण्याची गाठ. 'हायडॅटिडच्या गाठीला सुई लावणं म्हणजे लेकराच्या जिवाशी खेळ, आणि जंताच्या गोळीने गाठ जाते असं आईबापांना सांगणं बेजबाबदारपणा', असं तुम्ही लिहिलंय. तुमच्या भाच्याचं ऑपरेशन जवळून पाहिल्यावर, यकृतातल्या गाठीवर सुई आणि गोळीचा इलाज सांगणारा माझा लेख वाचून राग येणारच.

सुईची भीती खोटी नाही. आम्हीही शिकताना हेच घोकलं होतं. गाठ फुटली की आतलं पाणी पोटात पसरतं, जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जी येऊ शकते आणि त्या पाण्यातल्या कृमीच्या अंकुरांपासून नव्या गाठी धरतात. पण १९८० च्या दशकात ट्युनिशियातल्या डॉक्टरांनी 'पेअर' (सुई टोचणं, पाणी ओढणं, औषध भरणं, परत ओढणं) ही पद्धत वापरायला सुरुवात केली. गोळी आधीच चालू करायची. मग सोनोग्राफीत बघत, यकृताच्या जाड भागातून सुई गाठीत न्यायची, म्हणजे थेंब गळला तरी पोटात जात नाही. येणारं पाणी झऱ्यासारखं नितळ असतं. ते पिवळट-हिरवट दिसलं तर हात तिथेच थांबतो, कारण गाठीची वाट पित्तनलिकेत उघडली आहे. अशात कृमी मारणारं औषध भरलं तर नलिका कायमच्या आकसू शकतात. पाणी नितळ असेल तर मिठाचं तीव्र द्रावण भरून दहा-पंधरा मिनिटांनी परत ओढून घ्यायचं. भूलतज्ज्ञ आणि अ‍ॅड्रिनलीन (जिवावरच्या अ‍ॅलर्जीवरचं इंजेक्शन) शेजारी हवेतच, त्याशिवाय सुई हातात धरू नये.

गोळीबद्दल. औषध तेच, अल्बेंडाझोल. पण जंतासाठी एक गोळी घेऊन मोकळं होता येतं. इथे मुलाच्या वजनाच्या दर किलोला रोज १० ते १५ मिलिग्रॅम, दोन वेळांत विभागून, महिनोन्‌महिने. तेही स्निग्ध जेवणासोबत, नाहीतर फारसं अंगात मुरतच नाही. मधूनमधून यकृताची आणि पांढऱ्या पेशींची तपासणी. नुसत्या गोळीवर भागतं ते यकृतातल्या ५ सेंटिमीटरपर्यंतच्या, निव्वळ पाणी असलेल्या किंवा आतला पडदा सुटून तरंगणाऱ्या गाठीचं. पिल्लागाठींनी पोळ्यासारखी भरलेली गाठ असेल तर बहुधा शस्त्रक्रियाच. आणि चुनखडी धरून निपचित पडलेल्या गाठीला हातही लावू नये, अधूनमधून सोनोग्राफी पुरे.

आता तुमचं बरोबर कुठे आहे ते. भाच्याची गाठ फुप्फुसात होती. मुलांमध्ये फुप्फुसाचं प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्त असतं, आणि मी लेखात त्याबद्दल एक ओळही लिहिली नाही. फुप्फुसात सुईचं नाव काढायचं नाही. तिथे मुख्य इलाज ऑपरेशनच, आणि मोठ्या गाठीत आधी गोळी सुरू केली तर ती फुटायचीही भीती. तुमच्या सर्जननी योग्यच केलं. आज लेखात ही भर घालतोय.

एक विचारायचं राहिलं: भाच्याच्या यकृताची सोनोग्राफी झाली होती का? एका जागी गाठ सापडली की दुसरी जागा तपासावीच लागते. झाली नसेल तर त्याच डॉक्टरांना विचारून करून घ्या.