ओगराळं कुणासाठी होतं?

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. लगेच उत्तर दिलं नाही, कारण ती लागली. आजीच्या रांजणाबद्दल मी लिहिलं होतं. चैत्र लागला की ती ओट्यावर रांजण भरून ठेवायची, बाजाराच्या वाटेवरच्या माणसांना पाणी द्यायची आणि 'हा आपला धर्म' म्हणायची. तुम्ही विचारलंत, पेला कुणाच्या हातात दिला जायचा आणि वरून ओतलेलं पाणी कुणाच्या ओंजळीत पडायचं? शेवटी लिहिलंत, ज्या शब्दाने माणसं पायरीखाली उभी केली त्याला कर्तव्याचं गोंडस नाव देऊ नका, तो शब्दच टाकून द्या.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, कारण मी कधी विचारलंच नव्हतं. काल आत्याला फोन केला. तिने आढेवेढे न घेता सांगितलं. ओट्यावर दोन वस्तू असायच्या, पितळी पेला आणि लांब दांड्याचं ओगराळं. गावकुसाबाहेरच्या बायका सरपणाच्या मोळ्या उतरवून पायरीपाशी उकिडव्या बसायच्या. आजी वरून ओगराळ्याने धार धरायची. पाणी कोपरापर्यंत ओघळायचं, पदर भिजायचा. "पोटभर द्यायची हो, हात आखडता नाही घेतला कधी," आत्या म्हणाली आणि मग बराच वेळ गप्प राहिली.

हे १९६०च्या आसपासचं. म्हणजे 'तेव्हाचा काळच तसा होता' ही पळवाटही मला नाही. २० मार्च १९२७ला महाडच्या चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेब आणि त्यांच्याबरोबरची माणसं प्यायली, त्याला तीस वर्षं उलटून गेली होती. संविधानाने अस्पृश्यता रद्द केल्यालाही दहा वर्षं झाली होती. महाडचं तळं सर्वांना खुलं करण्याचा नगरपालिकेचा ठराव आधीच झालेला होता. तरी पाणी अडवलं गेलं आणि ते धर्माचं नाव घेऊनच. तुमचा राग मला समजतो. लेखात रांजण आला, ओगराळं आलं नाही, ही चूक माझी.

पण शब्द टाकून द्या, हे मला पटत नाही.

आपण दिवसभर हा शब्द कसा वापरतो पाहा. शाळेत मूलद्रव्यांचे गुणधर्म शिकतो. शेजारी आजारी पडला की डबा पोचवणं हा शेजारधर्म. आणि धर्मसंकट? धर्म म्हणजे जन्माबरोबर हातात पडलेली कामांची यादीच असती, तर संकट कसलं आलं होतं? यादी बघायची आणि वागायचं. 'धृ' म्हणजे धरून ठेवणं. काय धरायचं आणि काय सोडायचं, हे माणसाला दर वेळी ठरवावं लागतं, म्हणून तर हा शब्द आपल्याकडे आहे.

महाभारताच्या वनपर्वात कौशिक नावाचा तपस्वी आहे. अंगावर विष्ठा टाकली म्हणून नुसत्या नजरेने तो बगळी मारतो. पुढे एका दारी भिक्षेला थांबायला लागलं म्हणून चिडतो, तेव्हा ती गृहिणी त्याला ऐकवते की मी काही बगळी नाही. तीच त्याला मिथिलेला पाठवते, मांस विकणाऱ्या व्याधाकडे धर्म शिकायला. तुम्ही म्हणाल, तो व्याध शेवटी कुळाचाच धंदा करत राहिला. खरं आहे, आणि गोष्टीतली ती मेख मलाही सलते. पण वेद शिकलेल्या माणसाला धर्म कळलेला नाही, हे त्याच्या तोंडावर सांगणारी बाईही त्याच गोष्टीत आहे.

आणखी एक. बाबासाहेबांनी मनुस्मृती जाळली, १९५६ साली हिंदू धर्म सोडला. त्यांना मी मागच्या दाराने परत आणत नाही. पण नागपूरला त्यांनी स्वीकारला तो धम्म, याच शब्दाचं पाली रूप. एकट्या माणसाला धम्माची गरज नाही, दोन माणसांचा संबंध आला की धम्म आलाच, असं त्यांनी म्हटलं आहे. आमच्या ओट्यावर दोन माणसं होती आणि मध्ये ओगराळं होतं. आजी तिथे चुकली. ते मला कळतं, ते या शब्दामुळेच. तो टाकून दिला, तर तिला कशाच्या आधारावर चूक म्हणू?

फोन ठेवताना आत्याने त्या बायकांपैकी एकीचं नाव सांगितलं. तिची नात तालुक्याच्या गावी असते म्हणे. पुढच्या महिन्यात गावी जाणार आहे, तेव्हा तिला भेटेन. मूळ लेखात ओगराळ्याचा परिच्छेद आज जोडला आहे.