शेळीची चौकशी होते, बाईची राहते

नमस्कार,

गरीब ग्रामीण स्त्रियांना आर्थिक मदत आणि नैराश्यावरचा उपचार एकत्रच मिळायला हवा, या माझ्या लेखावर तुमची चांगलीच झणझणीत प्रतिक्रिया आली. दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा तितका नाही. बाकीच्यांसाठी तिचा गोषवारा देते : मी गरिबीलाच आजार ठरवतेय, अर्धपोटी बाईला थकवा येणार, झोप उडणार, त्यात मानसोपचाराचं काय काम, तिच्या हातात पैसे ठेवा, उदासी आपोआप जाईल, आणि केनियातला जो अभ्यास नेमकं हेच दाखवतो, तो मी सोयीस्करपणे गाळला.

शेवटच्या आरोपापासून सुरुवात करते, कारण तो खरा आहे. गाळला. लेख लांबतोय अशी सबब मी स्वतःला दिली होती. ती सबबच होती.

हाउसहोफर, मुदिदा आणि शपिरो यांनी केनियाच्या ग्रामीण भागात ५,७५६ लोकांवर हा अभ्यास केला. काहींना रोख रक्कम, काहींना पाच आठवड्यांचं समुपदेशन, काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही. वर्षभराने पाहिलं तर पैसे मिळालेल्यांचा घरखर्च, चीजवस्तू आणि मनःस्थिती, सगळंच सुधारलेलं. समुपदेशनाचा मोजण्याजोगा परिणाम काहीच नाही. दोन्ही मिळालेले लोक फक्त पैसे मिळालेल्यांच्याच बरोबरीत. मला एक पळवाट सुचली होती : त्यांनी आजारी माणसं निवडून घेतली नव्हती, सरसकट घेतली होती, मग परिणाम दिसणार कसा? पण जे आधीपासूनच मनाने खचलेले होते, त्यांचा हिशेब संशोधकांनी वेगळा मांडलाय. तिथेही शून्य. पळवाट बंद.

आता यातून तुम्ही ‘पैसे पुरेत’ असं काढता. मी म्हणते, ते पाच आठवडे पुरले नाहीत. हा नुसता शब्दांचा खेळ नाही, हे कर्नाटकातल्या अभ्यासावरून पाहा. अँजेलुची आणि बेनेट यांनी तिथल्या ग्रामीण भागात नैराश्याची लक्षणं असलेली हजारेक माणसं घेतली, बहुतांश स्त्रिया. काहींना नैराश्यावरचं औषध, काहींना उपजीविकेसाठी मदत, काहींना दोन्ही. दोन्ही मिळालेल्यांचं नैराश्य ठळकपणे कमी झालं आणि उपचार संपल्यावरही तो फरक टिकला. एक गोष्ट इथे लपवत नाही, नाहीतर तुम्ही पुन्हा पकडाल : सरासरी कमाई काही वाढली नाही. मुलांच्या, त्यातही मोठ्या मुलांच्या, शिक्षणाकडे मात्र घरातून जास्त लक्ष दिलं गेलं. ‘बाई बरी झाली की कमवायला लागेल’ असं ठासून सांगणाऱ्यांनी, म्हणजे काही अंशी मीसुद्धा, इथे जरा जपून बोलावं.

गरिबीला आजार ठरवण्याबद्दल. नैराश्य तपासायला पीएचक्यू-९ नावाची प्रश्नावली सर्रास वापरतात. नऊ प्रश्न, ‘गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस असं वाटलं?’, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. त्यातले तीन प्रश्न झोप, थकवा आणि भुकेबद्दलचे आहेत. राबून आलेल्या, अर्धपोटी बाईला तिथे गुण मिळणारच, तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. म्हणून नुसत्या आकड्यावर विसंबू नये, तिच्याशी बोलावं लागतं. पण कशातच रस वाटत नाही, आपण कुचकामी आहोत, मेलेलं बरं, हेही त्याच नऊ प्रश्नांत आहे, आणि ते भुकेचं माप नव्हे. शिवाय बहुतेक गरीब स्त्रियांना नैराश्य नसतं. गरिबी हाच आजार असता तर एकही सुटली नसती. आणि हे बाहेरच्यांनी चिकटवलेलं लेबल म्हणाल, तर झिम्बाब्वेत शोना भाषेत या अवस्थेला ‘कुफुंगिसिसा’ असा शब्दच आहे : फार विचार करणं. डॉक्टर चिबांडा यांनी २००६मध्ये तिथे ज्या ‘फ्रेंडशिप बेंच’ची सुरुवात केली, त्यात बाकावर बसून ऐकून घेणाऱ्या आज्यांनी हाच शब्द वापरला. त्याच कामातून निघालेल्या गटांत बायका टाकाऊ प्लास्टिकच्या पिशव्या विणून विकतात. तोंडाने मन मोकळं होतंय, हाताने चार पैशांचं काम चाललंय. मला म्हणायचंय ते साधारण असंच दिसतं.

आता मूळ लेखात ज्या बाईबद्दल मी लिहिलं होतं, तिच्याकडे वळू. बांगलादेशात ब्रॅक या स्वयंसेवी संस्थेने २००२मध्ये अतिगरीब कुटुंबांसाठी एक कार्यक्रम सुरू केला : गाय किंवा शेळ्या, काही काळ थोडी रोख मदत, प्रशिक्षण, आणि दोनेक वर्षं घरी येऊन भेटणारा कार्यकर्ता. सहा देशांत पडताळून पाहिला, बहुतेक ठिकाणी चालला; त्याचा अहवाल २०१५मध्ये आला. मी त्याच्या विरोधात नाही. फक्त अशी एक भेट डोळ्यासमोर आणा. कार्यकर्ता येतो, शेळीला चारा घातला का, लस दिली का, वहीत टिपून घेतो. बाई खाली बघून ‘हो’, ‘नाही’ म्हणते. दोन शेळ्यांपैकी एकीचे डोळे चिकटलेत, ते तिला दिसलंय, चार दिवसांपूर्वीच दिसलंय, पण उठून कुणाला सांगायला जायचं तर ते चार पावलांचं अंतर तिला पार होत नाही. पुढच्या आठवड्यात शेळी मेलेली असते आणि वहीत शेरा पडतो : लाभार्थीचा निष्काळजीपणा. दर आठवड्याला दारात येणाऱ्या माणसाने आणखी दोन प्रश्न विचारायचे आणि पुढे कुणाकडे पाठवायचं ते त्याला माहीत असायचं, एवढंच मी मागत होते.

‘उपचार म्हणजे पैसे न देता गोड बोलणं’ हे तुमचं वाक्य मला लागलं, कारण तसंही घडतं. पण रावळपिंडी जिल्ह्यातल्या खेड्यांत मनोविकारतज्ज्ञ अतिफ रहमान यांनी केलेलं काम पाहा. गावातल्याच आरोग्यसेविकांनी नैराश्य असलेल्या गरोदर बायकांच्या घरी शेवटच्या महिन्यापासून जवळपास वर्षभर उपचाराच्या सोळा भेटी दिल्या. विषय काय, तर होणारं बाळ. ‘तुला आजार आहे’ म्हणून कुणी दार वाजवलं नाही, त्यामुळे घरच्यांनीही आडकाठी केली नाही. बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा या गटात २३ टक्के बायकांना नैराश्य होतं, हा उपचार न मिळालेल्या गटात ५३ टक्के. सात वर्षांनी पुन्हा पाहिलं तेव्हा उपचार मिळालेल्या बायकांचा घरातल्या पैशांच्या व्यवहारात जास्त हात होता. एक पैसाही वाटला नव्हता, तरी.

तुमच्याशी एका बाबतीत पूर्ण सहमत आहे. दोन्हींपैकी एकच देता येण्याइतका निधी असेल आणि समोर सरसकट सगळं गाव असेल, तर पैसे द्या. जिला नैराश्य आहे हे कळलंय, तिच्याबाबतीत मात्र मी हटत नाही.

केनियाचा परिच्छेद आज मूळ लेखात घातलाय, आणि जिथे जिथे ‘समुपदेशन’ असं सैलपणे लिहिलं होतं, तिथे नेमका कोणता उपचार, कुणी द्यायचा आणि किती दिवस, ते लिहिलंय. एका ठिकाणी लिहिता आलं नाही, तेव्हा ते वाक्यच काढून टाकलं.