बॉयलर आणि दोन श्रावण

कोल्हापुरात चिकन खाल्लेला माणूस ते कबूल करताना पुढं एक वाक्य जोडतोच : "मटण मिळालं न्हाई म्हणून." जिथं २०१९ च्या शेवटी मटणाच्या दरावरून माणसं रस्त्यावर उतरली, तिथं शंभर कोंबड्या पाळून चार पैसे मिळवायचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं. कुणीतरी मला हाताला धरून घरी बसवायला पाहिजे होतं. उलट सगळी गल्ली म्हणाली, "नाद खुळा, भावा!"

कोंबड्या बॉयलर. पुस्तकात ब्रॉयलर लिहितात, पण आमच्याकडं साखर कारखान्याचाही बॉयलर आणि रश्श्यातलाही बॉयलर. कारखान्याचा पेटवताना निदान पूजा तरी करतात.

म्हशी विकल्यापासून गोठा रिकामा होता. पंधरा गुंठ्यांतल्या तेरात ऊस, उरलेल्यात घर, गोठा आणि आबांची खाट. मी रात्री जागून एक्सेलमध्ये हिशोब मांडला. एक दिवसाचं पिल्लू, बेचाळीस दिवस, साडेतीन किलो खाद्य, दोन किलोची कोंबडी, मर पाच टक्के. तक्ता इतका देखणा झाला की बायकोला उठवून दाखवला. तिनं तो झोपेतच खालपर्यंत वाचला आणि विचारलं, "ह्यात श्रावण कुठं आहे?"

"श्रावणाच्या आधी सगळं संपतंय," मी म्हणालो.

साल २०२३. आषाढी अमावस्या १७ जुलैची, पण सोमवारी. त्यामुळं गटारी खरी रविवारी, १६ तारखेला. पिल्लं जूनच्या पहिल्याच आठवड्यात आली असती तर गणित बसत होतं. हॅचरीवाला "उद्या टाकतो, सर" म्हणत राहिला आणि पिल्लं आली २५ जूनला. शंभरावर दोन फुकट.

आल्या आल्या पिल्लांना गुळाचं पाणी पाजतात, प्रवासाचा शीण जातो. मी दुकानातून आणलेला गूळ आबांनी चिमूटभर जिभेवर ठेवला आणि थुंकला. "साखर घातलीया ह्यात. कोल्हापुरात आलेल्या पावण्याला असला गूळ?" स्वतः आत जाऊन त्यांनी ठेवणीतली ढेप फोडली. आमच्या लग्नात पाहुण्यांच्या गुळाकडं त्यांनी एवढं बघितलं नव्हतं.

पहिल्या आठवड्यात पिल्लाला बत्तीस-तेहतीस अंश ऊब लागते. खाली भाताचं तूस, त्यावर रद्दी, वर शंभराचे बल्ब. ऊब जास्त झाली तर पिल्लं कडेला पांगतात, कमी पडली तर बल्बखाली एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. म्हणजे थर्मामीटर लागत नाही, फक्त झोपायचं नाही. मृग कोरडा घालवलेला पाऊस आर्द्रात नेमका आला आणि तिसऱ्या रात्री दोन वाजता लाईट गेली. मग गॅसवर पाणी तापव, कळशीत ओत, कळशीला पोतं गुंडाळ आणि गोठ्यात नेऊन ठेव. रंकाळ्यावर भेळेच्या गाडीला माणसं लागावीत तशी पिल्लं कळशीला लागली. एक मात्र माझ्या पायावर चढलं. पिल्लू झोपतं ते डुलक्या काढत नाही, चालता चालता बटण बंद केल्यासारखं तोंडावर पडतं. तसं ते माझ्या अंगठ्यावर पडलं. मऊ, गरम, लिंबाएवढं. मी पाय हलवायला तयार नाही आणि बायको दुसरी कळशी घेऊन दारात. "धरा की!" "पायावर पिल्लू आहे." "आपला पोरगा लहान असताना एकदा तरी असं उभा राहिला होता का?" लाईट आली पहाटे साडेचारला. पाच पिल्लं गेली होती. अंगठ्यावरचं जिवंत होतं.

सातव्या दिवशी लासोटाची लस, प्रत्येकाच्या डोळ्यात एक थेंब. ती मानमोडीवरची, म्हणजे कोंबड्यांच्या साथीच्या रोगावरची. मानमोडीचं पुस्तकी नाव राणीखेत, उत्तराखंडातल्या गावावरनं पडलेलं. लग्नानंतर मी बायकोला राणीखेत दाखवायचं कबूल केलं होतं. बर्फात ठेवलेली बाटली तिच्या हातात दिली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "बर्फ पण आहे, वा." लस टोचलेली... नाही, टाकलेली पिल्लं एका खोक्यात, राहिलेली दुसऱ्यात. साठाव्या पिल्लाला आमच्या चिरंजिवांचा पाय लागून दोन्ही खोकी एक झाली. मग काय, सगळ्यांना पुन्हा एकेक थेंब.

१६ जुलै उजाडला. दारात गिऱ्हाईक उभं आणि माझ्या कोंबड्या बावीस दिवसांच्या, पाऊण किलोच्या. एकानं एक उचलून बघितली आणि खाली ठेवली. "मास्तर, हिला अजून शाळंत घाला."

पुढची गोष्ट पंचांगाची. त्या वर्षी श्रावण दोन होते. १८ जुलैपासून अधिक, १७ ऑगस्टपासून निज, म्हणजे नेहमीचा खरा. बायकोनं विचारलेला एक श्रावण मी तक्त्यात धरला नव्हता, दुसऱ्याचं तर तिलाही सुचलं नव्हतं. बेचाळीस दिवस भरले ५ ऑगस्टला, अधिकाच्या ऐन मध्यात, आणि तेही शनिवारी. आबांनी निकाल दिला की पाळायचा तो निज, अधिकात खायला हरकत नाही. मला धीर आला. पण आबांचं शास्त्र गल्लीला मान्य नव्हतं.

"आमच्यात अधिक पाळत्यात."

"आमच्यात दोन्ही."

"आमी निज पाळतो, पण मंडळी अधिक पाळत्यात. घरात शिजवायचं कुणी?"

जावई म्हणजे कोंबडीचं हक्काचं गिऱ्हाईक. तो आला की कोंबडी पडतेच. पण अधिक महिना हा धोंड्याचा महिना. त्या महिन्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे आणि अनारसे घालतात. आमच्या गल्लीत महिनाभर जावई येत होते आणि माझ्या गोठ्यावरून तोंड गोड करून परत जात होते.

बॉयलरला पंचांग कळत नाही. त्याला फक्त खायला कळतं. जगल्या-वाचलेल्या चौऱ्याण्णव कोंबड्या दिवसाला सोळा किलो खाद्य उडवायच्या, पन्नास किलोचं पोतं तीन दिवस पुरायचं. एकेक पोतं संपलं की मी मोकळ्या पोत्याची घडी घालून ठेवायचो, पैसे गेल्याची पावती म्हणून. पावसानं तूस ओलं झालं, वास सुटला, डोळे चुरचुरायला लागले. तूस उलटं करून चुना मारला. शेजारची वैनी भिंतीवरून म्हणाली, "भावजी, आमच्या कपड्यास्नी पण चिकनचा वास येतोय, आणि आमच्यात अधिक पाळत्यात." व्यापाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "श्रावणात रेट पडतोय, सर." निज सुरू झाला की उठेल का, असं विचारलं, तर तो हसला. वीस कोंबड्या त्याला त्याच्या भावानं दिल्या. त्या हसण्याचे पैसे निराळे घेतले नाहीत, हे उपकार.

तेहतीस सुट्या गेल्या, पण प्रत्येकीमागं वाद. पहिला प्रश्न ठरलेला : "गावठी हाय काय?" नाही म्हटलं की चेहरा पडायचा, मग वजनाची घासाघीस. दोन किलोची जिवंत कोंबडी सोलून साफ केली की दीडच्या आतच भरते. ते समजवताना माझा घसा बसला. पलीकडच्या बोळातले एक मामा तर दोन तास बसले. दोनदा चहा प्याले, कोंबडीच्या पिसांचे पैसे वजा करा म्हणाले आणि "सांगतो घरात विचारून" म्हणून गेले.

एक्केचाळीस उरल्या. बावन्न दिवसांत त्या तीन किलोला टेकल्या. चालायच्या नाहीत, बसल्या जागी मान लांब करून खायच्या. छातीचा भार पायांना पेलत नव्हता. एक पोरगं दारातनं ओरडलं, "आई, बदकं!"

आणि १६ ऑगस्टला बुधवारी, अधिकाच्या अमावस्येला, कुणाच्या ध्यानीमनी नसताना दुसरी गटारी आली. निज पाळणारे सगळे एकदम जागे झाले, अधिक पाळून सुटलेलेही आले. चिकन सेंटरातला पोरगा मी सकाळपासून बोलावून ठेवला होता, त्याला मान वर करायला सवड मिळाली नाही. दोन तास बसणारे मामासुद्धा भाव न विचारता सगळ्यात मोठी घेऊन गेले. दुपारी चारला गोठा रिकामा. पैसे मोजले. खाद्य, पिल्लं, लस, लाईटबिल वजा करून सातशे चाळीस रुपये उरले. त्यात आबांचा गूळ धरला नव्हता.

आबा खाटेवर उठून बसले. "उद्यापासनं श्रावण. आज घरात काय?"

कोंबडी एकही शिल्लक ठेवली नव्हती. खरं सांगायचं तर ठेवावी असं कुणालाच वाटलं नव्हतं. मी सातशे चाळीस रुपये खिशात घातले, पिशवी घेतली आणि मटणाच्या दुकानापुढच्या रांगेत जाऊन उभा राहिलो. माझ्यापुढं चार माणसं सोडून मामा उभे होते. पिशवी काखेत, नजर समोरच्या पाटीवर. मीही पाटीवरचा दर वाचायला लागलो.