तिसरी पिन

काल आरतीनंतर मंडळाने दुसऱ्या मजल्यावरच्या काकांना श्रीफळ दिलं. 'साउंडचा प्रॉब्लेम सोडवल्याबद्दल.' माझ्या साउंड मिक्सरच्या (माइकचे आवाज एकत्र करून स्पीकरला देणारी पेटी) प्लगची अर्थिंगची पिन पकडीने उपटल्याबद्दल, असं कुणीही म्हणालं नाही.

प्रॉब्लेम साधा होता. मिक्सर क्लबरूमच्या बोर्डावर, पॉवर्ड स्पीकर (आतच अँप्लिफायर असलेला, म्हणून त्यालाही वीज लागते) पंपाच्या बोर्डावर, मध्ये २५ मीटरची मोनो पी-३८ केबल, म्हणजे पाव इंची जॅकची, आत एक तार आणि भोवती धातूची जाळी. दोन जागच्या अर्थिंगमध्ये थोडा व्होल्टेजचा फरक असतोच. तो केबलच्या जाळीतून करंट ढकलतो आणि स्पीकर ५० हर्ट्झचा 'घूंऽऽ' काढतो. उपायही साधा: सगळं एकाच बोर्डावर घ्यायचं, २.५ स्क्वेअर एमएमची तीन कोअर वायर ओढून. तरी घुमलं तर मध्ये डीआय बॉक्स, ऑडिओच्या केबलमध्ये लावायची छोटी डबी. त्यावरचं ग्राउंड लिफ्टचं बटण ऑडिओची जाळी तोडतं, मेन्सच्या अर्थिंगला हात लावत नाही.

"कसला रे आवाज?"

"ग्राउंड लूप, काका."

"ग्राउंडला तर मंडप आहे." मग प्लग उलटसुलट करून पाहिला. "एकीतून करंट येतो, दुसरीतून जातो. ही तिसरी जाडी काय बघायला येते?"

"काही बिघडलं तर करंट बॉडीवर न थांबता जमिनीत जावा म्हणून."

"आमचा फ्रिज ८७ सालापासून दोन पिनांवर आहे. आम्ही तर वायरची टोकं सोलून काडेपेटीच्या काड्यांनी सॉकेटात खोचायचो. कुणी मेलं?" इथे काका जरा थांबले. "एक गेला. पण तो मुळातच अशक्त होता."

मी वायर आणायला गेलो. परत येतो तो टाळ्या. घूं बंद! बंद होणारच, लूप तुटला ना. हाच तर वैताग आहे, चुकीचा उपाय लगेच लागू पडतो. आता मिक्सरच्या बॉडीची अर्थिंग उरली ती स्पीकरच्या केबलच्या केसाएवढ्या जाळीवर. फॉल्टचा करंट झेलायला ती बनवलेलीच नाही. आणि ती केबल निघाली की तेवढंही संपलं.

आरतीच्या दुसऱ्या कडव्याला एका पोराने पाय अडकवून ती उपटली. आवाज गेला. माइक ओठांशी धरून अनवाणी उभ्या असलेल्या काकू "अग्गंबाई" म्हणून मागे सरल्या. मिक्सरच्या पॉवर सप्लायमधला फिल्टर गळका करंट बॉडीवर सोडतो. एरवी तो तिसऱ्या पिनेतून गुपचूप जमिनीत जातो. पिन नसली की बॉडीवर मीटर शंभर-सव्वाशे व्होल्ट दाखवतो, झिणझिण्या माइकच्या जाळीपर्यंत येतात. हा निरोगी मिक्सरचा प्रताप. आतलं इन्सुलेशन गेलेलं असतं, तर पूर्ण २३० आले असते.

"प्रचिती आली," काका म्हणाले. मग श्रीफळ.

आज सकाळी पंपाचा बोर्ड तपासला. फेज-न्यूट्रल २३० व्होल्ट, फेज-अर्थ २३२, न्यूट्रल-अर्थ पावणेदोन, ठीक. न्यूट्रल-अर्थ शून्य आलं असतं तर आधी बोर्ड उघडला असता. न्यूट्रलचाच तुकडा अर्थच्या स्क्रूला जोडणारे महाभाग असतात, आणि तसा न्यूट्रल तुटला की बॉडीच जिवंत होते. मिक्सर तिथेच घेतला, नवा प्लग स्वतःच्या पैशाने आणला. हिरवी वायर बाकी दोघींपेक्षा जरा लांब ठेवली, ओढ बसली तर सगळ्यात शेवटी सुटावी म्हणून. काका डबा घेऊन मागेच उभे.

"परत तीन केल्यास?"

डब्यात त्याच नारळाच्या वड्या होत्या. दोन घेतल्या. वेलची कमी होती.