बाबांच्या पीसीचा जीर्णोद्धार

‘कॉम्प्युटर फार स्लो झालाय’ असं घरात नुसतं म्हणायचा अवकाश, प्रत्येक जण तज्ज्ञ होतो. बाबांचं निदान व्हायरस. बायकोचं म्हणणं, डेस्कटॉपवर इतका पसारा मांडल्यावर दुसरं काय होणार. इंजिनीअरिंगला असलेला भाचा आला, त्याने कॅबिनेटवर टिचकी मारली आणि म्हणाला, “मामा, हा केळकर म्युझियमला देऊन टाक.”

पीसी 2012 सालचा, असेंबल केलेला. कोअर आय-थ्री 2100, एच-61 चिपसेटचा मदरबोर्ड, 4 जीबी रॅम आणि 500 जीबीची हार्डडिस्क. बाबा त्यावर सोसायटीचे हिशेब ठेवतात. चालू वस्तू बदलायची नाही हा त्यांचा बाणा. आता ‘चालू’ म्हणजे काय, तर बटण दाबून अंघोळीला जायचं, देवपूजा उरकायची आणि परत आल्यावर विंडोजचं वर्तुळ गरगर फिरताना बघायचं.

भाच्याने टास्क मॅनेजर उघडला. प्रोसेसर आळस देत बसलेला, डिस्क मात्र शंभर टक्क्यांवर. सगळं पाणी इथेच मुरत होतं. हार्डडिस्कची तबकडी मिनिटाला 7200 वेळा फिरते, म्हणजे सेकंदाला 120 फेऱ्या. ऐकायला भन्नाट वेग. पण विंडोज सुरू होताना हजारो बारीकसारीक फायली मागते, आणि हार्डडिस्क म्हणजे जुन्या किराणा दुकानातला पोऱ्या. दर वस्तूला शिडी लावणार, वर चढणार, पुडी काढणार, खाली उतरणार. सुई जागेवर न्यायची, मग तबकडीचा तो भाग खाली यायची वाट पाहायची, यात दर खेपेला बारा-तेरा मिलिसेकंद जातात. सेकंदाला जेमतेम ऐंशी पुड्या! एसएसडी म्हणजे चिपांवर माहिती साठवणारी डिस्क, तिच्यात फिरणारं काहीच नाही, त्यामुळे तिथे हाच आकडा हजारांत जातो.

पुण्यातल्या कॉम्प्युटरच्या बाजारात, तपकीर गल्लीत गेलो. बाबा सोबत होते, कारण पैसे कुठे जातात हे त्यांना समक्ष बघायचं होतं.

“काका, एसएसडी टाका, मशीन पळेल,” दुकानदार म्हणाला.

“किती पळेल?”

“आवरणार नाही तुम्हाला.”

खोक्यावर लिहिलेलं, सेकंदाला 550 एमबी. घरी जोडली तर निम्माच वेग. एच-61 बोर्डावर डिस्क जोडायची जी साटा नावाची वाट असते, तिची दुसरी पिढी. तिची धाव तीनशेच्या आत. बाबांना फसवले गेल्याचा भास झाला, पण खरी करामत त्या मोठ्या आकड्यात नव्हतीच, शिडीवरच्या खेपा वाचण्यात होती. बटण दाबलं आणि बाबा टॉवेल शोधायला वळेपर्यंत पडद्यावर पासवर्डची चौकट हजर. बाबा गडबडले. “अरे, पासवर्ड आठवायला तरी वेळ दे की!”

इथे थांबायला हवं होतं असं बायकोचं आजही मत आहे. माझं नाही. एकदा कॅबिनेटचं झाकण उघडलं की माणूस सहजासहजी ते लावत नाही.

मग रॅम. भाच्याने मित्राकडची एक पट्टी आणली, ती निघाली डीडीआर-फोर, म्हणजे पुढच्या पिढीची. आमचा स्लॉट डीडीआर-थ्रीचा, खाच जुळेना. बाबा म्हणाले, “जरा दाब, बसेल.” त्यांचा हात वेळीच धरला म्हणून बोर्ड वाचला. पुन्हा तपकीर गल्ली, 4 जीबीच्या दोन सारख्या पट्ट्या. दोन्ही स्लॉट भरले की प्रोसेसरला दोन वाटांनी माल मिळतो. ब्राउजरचे टॅब उघडे ठेवून एक्सेल उघडलं तरी कोणी कुंथेना.

आणि मग प्रोसेसर. त्याच सॉकेटात तिसऱ्या पिढीचा आय-फाइव्ह 3470 बसतो, चार कोअरचा, सेकंडहँड स्वस्तात मिळतो. पण आधी जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस, म्हणजे बोर्डाला जागं करणारा मूळ प्रोग्राम, अपडेट करायचं, आणि त्या वेळी लाइट गेली तर बोर्ड कायमचा निजतो. भाच्याने मुहूर्त काढला गुरुवारचा. पुण्यात गुरुवारी, दुरुस्तीसाठी लाइट जायच्या हक्काच्या दिवशी! मी तो बदलून शुक्रवार करवला, शेजाऱ्यांचा यूपीएस मागून आणला आणि पडद्यावरची अपडेटची पट्टी पूर्ण भरेपर्यंत घरात कोणाला मिक्सर लावू दिला नाही.

कूलर काढला तर खाली प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणाऱ्या थर्मल पेस्टचा पार खडू झालेला, पंख्यात पालीच्या अंड्याची टरफलं. नवा कूलर बसवताना चार खुंट्या दाबायच्या असतात. दाबल्यावर बोर्ड असा वाकतो की ‘कट्ट’ आवाज खुंटीचा की आपल्या नशिबाचा, ते कळत नाही. त्यात बोर्डाचं घड्याळ चालवणारा सेल संपलेला, तोच नाण्याएवढा सीआर-2032. घड्याळ 2012 सालात गेलं आणि बँकेची साइट उघडेना. तिचं प्रमाणपत्र त्या तारखेला अजून जन्मायचं होतं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच.

एवढं करून आय-फाइव्हने काय दिलं? मुंजीच्या व्हिडिओचं रूपांतर जवळपास निम्म्या वेळात झालं, हे खरं. सोसायटीच्या हिशेबाला मात्र फरक शून्य. जीन अ‍ॅमडाल या संगणकतज्ज्ञाने 1967 सालीच सांगून ठेवलंय की एखादा भाग कितीही पळवा, एकूण वेग ठरवणार तो न पळवलेला भाग. आमच्याकडे तो भाग एका बोटाने टाइप करतो आणि मध्येच चष्मा शोधतो.

सगळं सुरळीत झाल्यावर बाबांनी विचारलं, “आता नवीन विंडोज टाकू या का?” विंडोज 10चा अधिकृत पाठिंबा 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला, हे त्यांनी पेपरात वाचलं होतं. तपासणीचा प्रोग्राम चालवला. उत्तर आलं, चालणार नाही. विंडोज 11ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय लागते. आमची पिढी तिसरी. भाचा लिनक्सचं बोलू लागला, बाबांनी फक्त “एक्सेल?” एवढंच विचारलं आणि तो विषय मिटला.

उरला प्रश्न काढलेल्या सामानाचा. आय-थ्री, त्याचा कूलर, जुनी रॅम, हार्डडिस्क, सगळं मी भंगारवाल्यासाठी पिशवीत भरत होतो. बाबांनी पिशवी काढून घेतली, आतली एकेक वस्तू चष्म्याजवळ नेऊन पाहिली आणि भाच्याला विचारलं, “याला आता फक्त मदरबोर्ड आणि डबाच लागेल ना रे?”

“आणि वीज पुरवायला एसएमपीएस, आजोबा,” तो गद्धा म्हणाला.