वेव्ह केल्याने आवाज सुधारत नाही

‘मोबाइलच्या व्हिडिओतला आवाज वेव्ह फाइलमध्ये काढा, स्टुडिओसारखा स्वच्छ होतो’ असा मेसेज ग्रुपांवर फिरतोय. वेव्ह (WAV) म्हणजे आवाज न दाबता (कॉम्प्रेस न करता) साठवणारी फाइल; पण तिच्यामुळे तसं काही होत नाही.

बहुतेक फोन व्हिडिओसोबतचा आवाज एएसी (AAC) पद्धतीने दाबूनच, म्हणजे जागा वाचवायला काही बारकावे टाकून, साठवतात. त्यात जे बारकावे गळाले ते गळाले, वेव्ह केल्याने परत येत नाहीत. फाइल मात्र फुगते: ४८ किलोहर्ट्‌झ, १६ बिट, स्टिरिओ धरलं तर मिनिटाला साधारण ११.५ एमबी. १२८ केबीपीएसचा एएसी मिनिटाला जेमतेम १ एमबी. आजीच्या ओव्यांमागे पंखा घरघरत असेल, तर तो वेव्हमध्येही तितकाच घरघरणार.

मग वेव्ह कशाला? संपादनासाठी. कापाकापी करून दर वेळी एमपी३ सेव्ह केलं की आवाज पुन्हा दाबला जातो, थोडा थोडा बिघडतो. वेव्हमध्ये ही झीज होत नाही. नुसता जपून ठेवायचा असेल, तर एफएफएमपेग (FFmpeg) या मोफत प्रोग्रामने मूळ एएसी जसाच्या तसा वेगळा काढता येतो.

आणि हो, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला व्हिडिओ वाटेत पुन्हा दाबलेला असतो. ज्याने शूट केला त्याला मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा.