'पाच सेटिंग बदला, जीटीए ५ पळवा' – विंडोज ७ वाल्यांनो, थांबा जरा

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय, की विंडोज ७ चा जुना पीसी असू दे, ४ जीबी रॅम असू दे, ग्राफिक्स कार्ड नसलं तरी चालेल, फक्त पाच सेटिंग बदला आणि जीटीए ५ हा गेम थेट ६० एफपीएसवर (म्हणजे सेकंदाला ६० चित्रं, एकदम स्मूद) खेळा. पोरं हे वाचून घरातल्या एकुलत्या एक पीसीवर नको ती उलथापालथ करून बसतात, म्हणून एकेक मुद्दा घेतोच.

पहिलं म्हणजे एमएसकॉन्फिगच्या (विंडोज सुरू कसं व्हावं ते ठरवणारं टूल) बूट टॅबमध्ये 'नंबर ऑफ प्रोसेसर्स' वाढवा म्हणे. अहो, तिथे टिक नसते तेव्हाच विंडोज प्रोसेसरचे सगळे कोअर वापरत असतं! ते सेटिंग टेस्टिंगसाठी कोअर कमी करायला दिलंय, वाढवायला नाही. शेजारच्या मॅक्सिमम मेमरीचंही तसंच, चुकीचा आकडा टाकला की आहे ती रॅमसुद्धा विंडोजला मिळत नाही.

दुसरं, पेजफाइल (रॅम भरली की जास्तीचा माल ठेवायची हार्डडिस्कवरची जागा) बंद करा म्हणजे सगळं फास्ट रॅममध्ये चालेल. पाचातला सगळ्यात घातक सल्ला हाच. या गेमला कमीत कमी लागतेच ४ जीबी रॅम, त्यात विंडोज, अँटीव्हायरस, ब्राउझर सगळे वाटेकरी, आणि रॅम भरल्यावर जास्तीचा माल ठेवायची जागाच तुम्ही काढून टाकली तर मिशनच्या मधोमध मेमरीचा एरर येऊन गेम बंद पडणार, दुसरं काय होणार?

प्रीफेच फोल्डर (प्रोग्रॅम लवकर उघडावेत म्हणून विंडोज ठेवतं ती माहिती) रिकामा करायचा सल्लाही फुकटचा, पुढच्या वेळी प्रोग्रॅम उघडायला उलट जास्त वेळ लागतो आणि विंडोज तो फोल्डर परत भरतंच. एफपीएसशी काही संबंध नाही.

टास्क मॅनेजरमध्ये 'रिअलटाइम' प्रायॉरिटी द्या म्हणतात, पण मग माऊस, कीबोर्ड, साऊंड सगळे गेमच्या मागे रांगेत, ड्युअल कोअरवर तर पीसीच गोठतो. द्यायचीच तर 'हाय' द्या.

पाचवं, रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या यादीत) 'डेडिकेटेड सेगमेंट साइझ' टाकून ग्राफिक्स मेमरी वाढवा. वाढतो तो फक्त दिसणारा आकडा! पीसीतली ऑनबोर्ड ग्राफिक्स चिप होती तेवढीच राहते.

आणि खरी गोष्ट तर मेसेजमध्ये नाहीच. गेम ६४ बिट आहे, ३२ बिट विंडोजवर सुरूच होत नाही. २०१५ मध्ये पीसीवर आला तेव्हाच किमान कोअर २ क्वाड प्रोसेसर आणि १ जीबीचं ९८०० जीटी ग्राफिक्स कार्ड सांगितलं होतं, म्हणजे कंपनीच्या हिशोबाने कार्ड हवंच. त्यात गेम विकणाऱ्या स्टीमने १ जानेवारी २०२४ पासून आणि गेम बनवणाऱ्या रॉकस्टारच्या लाँचरने (गेम सुरू करणारं ॲप) ३० जानेवारी २०२४ पासून विंडोज ७ चा सपोर्ट बंद केलाय, मग ओरिजिनल गेम घेणाऱ्याने तो चालू करायचा कसा? किमान ६४ बिट विंडोज १० टाका, आणि गेमचं लेगसी म्हणजे जुनं व्हर्जनच घ्या, नवं एनहान्स्ड व्हर्जन जुन्या पीसीला झेपणारच नाही.

फरक खरंच पडतो तो रॅमची दुसरी स्टिक लावून, फॅनमधली धूळ काढून, पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर ठेवून. गेममध्ये एमएसएए (चित्राच्या कडा गुळगुळीत करणारं सेटिंग) बंद, ग्रास आणि टेक्स्चर नॉर्मल, रिझोल्यूशन १२८० बाय ७२०. यानेही ३० एफपीएसच्या आसपास मिळाले तर त्या मशीनसाठी ते चांगलेच आहेत.

ज्यांनी ती पाच सेटिंग आधीच केलीत त्यांनी आजच एमएसकॉन्फिगमधल्या दोन्ही टिक काढा, पेजफाइल 'सिस्टम मॅनेज्ड'वर टाका, रजिस्ट्रीतली ती एंट्री डिलीट करा आणि रीस्टार्ट मारा.